ठिणगीआधी तेल

मागच्या शनिवारी या भागात किक मारायची असं ठरलं होतं. ती आज मारायची नाही. प्लग, पॉइंट, कार्ब्युरेटर यांचं सगळं पुढच्या वेळी. आजचा अख्खा भाग तेलासाठी राखून ठेवतोय, कारण आठवडाभरात आलेली पत्रं वाचून एक गोष्ट लक्षात आली. इंजिनात तेल ओतलं की ते जिथे जायला हवं तिथे आपोआप पोचतं, असं बऱ्याच जणांना वाटतं. बुलेटच्या बाबतीत तसं होत नाही. बांधून वर्षानुवर्षं माळ्यावर ठेवलेल्या, एकदाही न चाललेल्या बुलेटच्या बाबतीत तर मुळीच होत नाही.

चालतं इंजिन बंद पडून दहा वर्षं राहिलं तरी त्याच्या भोकाभोकांत जुनं तेल चिकटलेलं असतं. पंप, फिल्टर, क्रँकमधली वाट, सगळीकडे थोडं का होईना शिल्लक असतं. आपल्या इंजिनाचं तसं नाही. ब्लॉक बोअर केलेला, पिस्टन आणि रिंगा नव्या, बिग एंडचा बुश नवा. बांधताना मिस्त्रीने बोटाने लावलं तेवढंच तेल त्याच्या वाट्याला आलं आणि तेही केव्हाच निथळून गेलं. आतल्या सगळ्या वाटा कोरड्या आहेत.

आता त्या वाटा कशा आहेत ते पाहू. ३४६ सीसीचं, ७० मिमी बोअर आणि ९० मिमी स्ट्रोकचं हे लोखंडी ब्लॉकचं इंजिन मूळचं इंग्लंडमधल्या रेडिचचं. १९५५ साली मद्रासला एनफिल्ड इंडिया उभी राहिली आणि पुढे कित्येक दशकं त्याची मूळ ठेवण फारशी बदलली नाही. यात तेलाची टाकी वेगळी नसते. क्रँककेसच्याच ओतकामात मागच्या बाजूला तिचा कप्पा असतो. क्रँक फिरतो तो कप्पा निराळा आणि तो कोरडा राहणं अपेक्षित असतं. टायमिंग कव्हरमध्ये दोन पंप आहेत. एक तेल टाकीतून उचलतो, फेल्टच्या फिल्टरमधून क्रँकच्या टोकाशी नेतो आणि तिथून आतल्या बारीक भोकाने बिग एंडला देतो. दुसरा पंप क्रँकच्या कप्प्यात खाली जमलेलं तेल ओढून वर रॉकरकडे आणि परत टाकीकडे धाडतो.

अडचण दोन ठिकाणी आहे. पंपाचा दांडा क्रँकच्या टोकावरच्या वर्मवर चालतो. क्रँकला बरेच फेरे झाले की दांड्याचा एक फेरा होतो. म्हणजे एका किकेत पंप जेमतेम हलतो. आणि फिल्टरचं चेंबर वाटेतच बसलेलं आहे. ते पूर्ण भरल्याशिवाय पुढे बिग एंडला थेंबही जात नाही. ओतलेलं तेल टाकीत काठोकाठ असतं, डिपस्टिकवर बरोबर दिसतं आणि गाडी सुरू झाली की बिग एंड कोरडा फिरतो.

तो बिग एंड कसला आहे हे इथे महत्त्वाचं. मूळ बुलेटमध्ये तिथे रोलर बेअरिंग नाही, तरंगता बुश आहे. कनेक्टिंग रॉड आणि क्रँकपिन यांच्यामध्ये तो मोकळा असतो आणि आतून-बाहेरून तेलाच्या पातळ थरावर स्वतःच्या गतीने फिरतो. तेल असेल तर फार गोड चालतो. नसेल तर सुरुवातीच्या थोड्या मिनिटांतच धरतो, आणि तो आवाज एकदा ऐकलेला माणूस पुन्हा कधी घाई करत नाही. अनेक ठिकाणी या बुशाऐवजी रोलर बसवतात. रोलर कमी तेलात थोडा जास्त तग धरतो, पण पहिल्या किकेची तयारी दोन्हीला सारखीच करावी असं माझं ठाम मत आहे.

म्हणून टायमिंग कव्हर काढा. नाहीतरी ते काढायला हवंच, कारण क्रँकच्या टोकाशी तेलाची गळती अडवणारं कॉर्कचं सील आत असतं. इतक्या वर्षांत कॉर्क वाळून आखडतो. तो आखडला की बिग एंडच्या वाट्याचं तेल तिथूनच बाजूला सांडतं. नवं सील दहा-वीस रुपयांत येत असो वा शंभरात, जुनं परत बसवू नका.

कव्हर निघालं की क्रँकच्या टोकाला बारीक भोक दिसेल. औषधाच्या दुकानातून मोठी सिरिंज आणा, सुई काढून टोकाला रबरी नळीचा तुकडा लावा, २०डब्ल्यू५० तेल भरा आणि भोकात घट्ट धरून दट्ट्या सावकाश दाबा. सुरुवातीला दट्ट्या सहज जातो, कारण आतली वाट रिकामी आहे. मग अंगठ्याला हळूहळू जोर लागायला लागतो, तरी दट्ट्या पुढे सरकत राहतो. तेल बुशापर्यंत पोचून कडेने बाहेर पडतंय याची ती खूण. हे समजायला डोळ्यांचा उपयोग नाही, सगळं अंगठ्यावर आहे. पण दट्ट्या जागीच अडला आणि तेल नळीच्या कडेने उलटं सांडायला लागलं, तर वाट बुजली आहे. बांधताना बुशाला भरपूर ग्रीस लावलेलं असेल तर असं होतं. ग्रीसमधलं तेल वर्षानुवर्षं झिरपून जातं, उरलेला साबण घट्ट होऊन भोकात बसतो. अशा वेळी हवेचा प्रेशर मारून चालत नाही, गोळा पुढे जाऊन बुशाशीच अडकतो. ब्लॉक उतरवून क्रँक उघडा करणं एवढा एकच मार्ग उरतो. दुखतं, पण नव्या क्रँकच्या खर्चापुढे काहीच नाही.

कॅम आणि टायमिंगचे गिअर समोर दिसतच आहेत, त्यांच्या घासणाऱ्या तोंडांना तेलाचं बोट लावा. बोटच, ओतू नका. कारण लगेच सांगतो. फिल्टर तेलात भिजवून बसवा, चेंबर जमेल तेवढं भरून घ्या, कव्हर लावा. टाकीत सव्वादोन लिटर तेल घाला. साधं मिनरल तेल. सिंथेटिक या इंजिनाला आत्ता नको, त्यावर रिंगांच्या भागात लिहीन.

आता किक, पण प्लग काढून, इग्निशन बंद ठेवून, पेट्रोलचा कॉक बंद करून. मागच्या वेळी बोअरमध्ये घातलेलं जादा तेल प्लगच्या भोकातून उडेल, तेव्हा समोर उभे राहू नका. आमच्याकडे शेतावरचं ऑइल इंजिन सुरू करताना डिकॉम्प्रेशनची लिव्हर उचलून हँडल फिरवतात. जुनी माणसं थंडीच्या सकाळी ते गरजेपेक्षा जास्त वेळ फिरवायची, आणि ती बरोबर होती.

रॉकरकडे जाणाऱ्या नळीचा बँजो बोल्ट वरून अर्धा फेरा सैल करा. बऱ्याच किका मारल्यावर तिथे आधी फुसफुस होते, मग फेसाळ थेंब येतो, मग बुडबुडे विरळ होत जातात आणि सोनेरी तेल सलग झिरपायला लागतं. इथेच बहुतेक जण खूश होऊन थांबतात. पण हे तेल परतीच्या पंपाचं आहे! क्रँकच्या कप्प्यात वरून ओतलेलं तेल असेल तर तेच वर आलं असेल, आणि टाकीतून तेल उचलणाऱ्या पंपाने अजून एक थेंबही दिलेला नसेल. म्हणून कॅमवर तेल ओतू नका म्हटलं. त्या पंपाची खात्री वेगळी करायची. फिल्टरच्या झाकणाचा नट किंचित सैल करून किक मारत राहा. चेंबरमध्ये भरलेलं तेल थोडं गळून थांबलं तर पंप उचलत नाहीये. किकेगणिक झिरपत राहिलं तर वाट चालू आहे. दोन्ही खुणा मिळाल्याशिवाय प्लग लावू नका.

चिपळूणहून एका वाचकाने विचारलंय, आरएक्स १०० टू-स्ट्रोक असल्याने यातलं काहीच लागू नाही ना? लागू आहे. तिच्यातही तेलाचा वेगळा पंप आहे. बराच काळ पडून असलेल्या गाडीत त्याच्या नळीत हवेचा फुगा अडकतो. गाडी त्याच फुग्यावर सुरू होते आणि पिस्टनला नुसतं पेट्रोल मिळतं. पंपावरचा हवा काढायचा स्क्रू सैल करा, बुडबुडे थांबेपर्यंत तेल वाहू द्या. आणि पहिल्या लिटरभर पेट्रोलमध्ये ३०-४० मिली टू-टी तेल मिसळूनच घाला. धूर होईल, होऊ द्या. कोकणातल्या गाडीला क्रँकची सीलही बदलून घ्या. इतकी वर्षं पडून कडक झालेली सीलं हवा ओढतात आणि मिश्रण पातळ होतं.

बुलेटवाल्यांना या आठवड्याचं काम एवढंच. सगळं झाल्यावर डिपस्टिकवर तेलाची खूण करा, गाडी रात्रभर उभी ठेवा आणि सकाळी पुन्हा पाहा. पातळी उतरली आणि खाली जमिनीवर तेल नसेल, तर ते पंपातून क्रँकच्या कप्प्यात उतरलंय. किती उतरलं ते लिहून ठेवा, पुढच्या शनिवारी लागेल. आणि इंजिन ज्यांनी बांधलं ते मिस्त्री अजून भेटत असतील, तर आत बुश घातलाय की रोलर हे त्यांना जाऊन विचारून या.