खाडा आणि रजा

घरकामाला बाई ठेवावयाची म्हणजे काय करावयाचे, असे कोणी विचारले तर आपण त्यास हसू. शेजारच्या बाईंकडे शब्द टाकावा, त्या कोणाला तरी घेऊन येतात, दाराशीच "धुणे-भांडी, केर-फरशी, काय घ्याल?" असे विचारावे, त्या सांगतील त्यातून थोडे कमी करून घ्यावे आणि "उद्यापासून या" म्हणावे. पाच मिनिटांत करार पुरा होतो. सरकारी कचेरीत शिपायाची एक जागा भरावयाची तर किती कागद हलतात, हे मी रोज पाहतो. म्हणून या पाच मिनिटांचे मला फार दिवस कौतुक वाटत असे.

पण श्रोतेहो, त्या पाच मिनिटांत जे बोलावयाचे राहून जाते, त्यातूनच पुढची सारी कुरबुर निघते. भांडी किती माणसांची? पाहुणे आले तर? फरशी रोज पुसावयाची की दिवसाआड? कपडे यंत्रात धुतले, तर ते वाळत कोणी घालावयाचे? दिवाळीची झाडलोट पगारातच की निराळी? ठरलेले काहीच नसते. आणि न ठरलेले ते सारे बाईंचे काम, असे घरातली माणसे समजतात; न ठरलेले ते आपले काम नव्हे, असे बाई समजतात. दोहोंपैकी खोटे कोणीच बोलत नसते. 'मोलकरीण' या जुन्या शब्दात निदान 'मोल' तरी होते. हल्ली आपण 'मावशी' म्हणतो. त्यात आपुलकी आहे खरी, परंतु नाते जोडले की मोलाची भाषा काढणे दोघांनाही जड जाते.

सर्वांत अवघड गोष्ट सुटीची. आपण कामावर गेलो नाही तर ती रजा. बाई आल्या नाहीत तर तो खाडा. रजा मागता येते, मंजूर होते, साठतेही. खाडा नुसता मांडला जातो, कॅलेंडरच्या चौकटीत फुली मारून, आणि महिनाअखेर कापला जातो. मला स्वतःला वर्षाला ८ दिवस किरकोळ रजा आणि ३० दिवस अर्जित रजा मिळते. काही वर्षांपूर्वी आमच्याकडे ज्या बाई होत्या, त्या मुलाला ताप आला म्हणून चार दिवस आल्या नाहीत. मी फुल्या मोजल्या, पगाराला तिसाने भागले, चाराने गुणले आणि उरलेली रक्कम त्यांच्या हातावर ठेवली. हिशेब अगदी बिनचूक होता. "बरं साहेब," एवढेच त्या म्हणाल्या आणि दुसऱ्या दिवसापासून आल्या नाहीत. त्याच महिन्यात मीही तीन दिवस तापाने घरी होतो आणि पगार मात्र पुरा घेतला होता. हे आईने दाखवून दिले तेव्हा बाईंनी राहण्याची जागा बदलली होती. त्यांचा पत्ता लागला नाही.

हे गाऱ्हाणे जुने आहे. १९८० साली पुण्यातील मोलकरणींनी संप केला, तो पगारवाढीसाठी आणि आजारपणातील भरपगारी रजेसाठीच. त्यातून त्यांची संघटना उभी राहिली. कर्नाटकाने २००४ मध्ये घरकामास किमान वेतन लागू केले. महाराष्ट्राने २००८ मध्ये घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा केला. मात्र त्याचा रोख साहाय्यावर आहे, बाईंचे तास किंवा रजा तो ठरवीत नाही. २०११ मध्ये जिनिव्हा येथे आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने घरकामगारांविषयीचा करार संमत केला. आठवड्यातून सलग २४ तास विश्रांती मिळावी आणि कामाच्या अटी आधी स्पष्ट, शक्यतो लेखी, सांगाव्यात, असे त्यात आहे. भारताने त्याच्या बाजूने मत दिले. अनुसमर्थन मात्र केलेले नाही. तेव्हा घरातल्या घरात ठरेल तोच नियम, अशी आजही बहुतेक ठिकाणी स्थिती आहे.

म्हणून या खेपेस आम्ही एक कागद केला. अर्ध्या पानाचा. कामे कोणती, किती माणसांची, वेळ कोणती, पगार कोणत्या तारखेस, उचल घेतल्यास ती किती हप्त्यांत फेडावयाची. महिन्यात दोन दिवस भरपगारी रजा, आजारपण निराळे. आम्ही गावी गेलो तर त्या दिवसांचा पगार कापावयाचा नाही, हे पत्नीने घालावयास लावले. मला ते सुचले नव्हते. काढून टाकावयाचे झाल्यास एक महिना आधी सांगावे, आणि सोडावयाचे झाल्यास त्यांनीही तसेच.

नव्या बाईंनी तो कागद माझ्याकडून दोनदा वाचून घेतला. पगाराबद्दल त्या काही बोलल्या नाहीत. एकच दुरुस्ती त्यांनी सुचविली: पाहुणे आठ दिवसांहून अधिक राहिले, तर भांड्यांचे निराळे. आईने आपल्या माहेरच्या माणसांचा मनाशी हिशेब केला, किंचित कपाळाला आठी घातली आणि "लिही," म्हणाली.