अठरा टन शेंगदाणे

२००७च्या मे महिन्याच्या अखेरीस न्यूयॉर्कमध्ये सीबीएस या टीव्ही वाहिनीच्या कचेरीत शेंगदाणे यायला लागले. आधी पाकिटं, मग खोकी, मग पोती. जूनचा पहिला आठवडा उलटेपर्यंत चाळीस हजार पौंडांच्या आसपास माल येऊन पडला होता, म्हणजे आपल्या हिशेबाने अठरा टन. पाठवणारे ना व्यापारी होते ना शेतकरी. ‘जेरिको’ नावाची त्यांची आवडती मालिका वाहिनीने पहिल्याच सीझननंतर गुंडाळली होती आणि ती परत सुरू करा, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

मालिका कॅन्ससमधल्या एका काल्पनिक गावाची. एके दिवशी क्षितिजावर, डेन्व्हरच्या दिशेला, अणुस्फोटाचा ढग उठतो. टीव्ही बंद, फोन बंद, बाहेरच्या जगात काय उरलंय हे कोणालाच ठाऊक नाही. मग धान्य, मीठ, इंधन यांवरून शेजारच्या गावाशी आधी सौदे होतात आणि नंतर लढाई. सीझनच्या शेवटच्या भागात ते गाव चाल करून येतं, शरण या म्हणतं. नायक जेक उत्तर देतो, ‘नट्स!’ हे उत्तर त्याच्या आजोबांच्या युद्धकथेतलं. डिसेंबर १९४४मध्ये बेल्जियममधल्या बास्तोनला जर्मनांनी वेढा घातला होता. त्यांनी शरणागतीचा निरोप धाडला तेव्हा अमेरिकी जनरल मॅकऑलिफने याच एका शब्दात त्यांची बोळवण केली होती. ‘हट्, वेड लागलंय का!’ असा काहीसा त्याचा भाव. लढाई सुरू होते, पडदा पडतो आणि थोड्याच दिवसांत वाहिनी जाहीर करते की पुढे काही नाही.

नट्स म्हणजे दाणेही; चाहत्यांनी जनरलसाहेबांचं उत्तर शब्दशः घेतलं. न्यू जर्सीतल्या एका दाणे विकणाऱ्या ऑनलाइन दुकानाने या मोहिमेसाठी वेगळं पानच उघडलं. घरबसल्या पैसे भरायचे, दुकान माल थेट वाहिनीच्या पत्त्यावर पोचवणार. गंमत म्हणजे ही खलबतं चालत होती ती बऱ्याच अंशी सीबीएसच्याच संकेतस्थळावर, वाहिनीने मालिकेसाठी उघडून दिलेल्या कट्ट्यावर. म्हणजे घर मालकाचं, वीज मालकाची आणि बंडही मालकाविरुद्धच. मे महिन्यात टोर्नेडोने कॅन्ससमधलं ग्रीन्सबर्ग हे खरंखुरं गाव भुईसपाट केलं होतं. पडद्यावरच्या गावासाठी जमलेल्या या मंडळींनी त्याच्यासाठीही पैसे गोळा केले.

६ जूनला वाहिनीच्या मनोरंजन विभागाच्या अध्यक्ष नीना टॅसलर यांनी त्याच कट्ट्यावर येऊन निरोप दिला. तुमचं म्हणणं पोचलं, आणखी सात भाग करतो. मात्र या समाजाची वाढ झाली पाहिजे, मालिका टिकायची तर तुमच्यासारखे आणखी पुष्कळ लोक लागतील. आणि ताजा कलम: कृपा करून दाणे पाठवणं थांबवा.

त्या निरोपातलं ‘आणखी लोक लागतील’ हे कलम मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण ते अर्धंच खरं होतं. अमेरिकेत तेव्हा टीव्ही असलेली घरं अकरा कोटींच्या घरात होती. त्यांतल्या काही हजार निवडक घरांत नील्सन कंपनीची मोजणी होई आणि त्या नमुन्यावरून देशाने काय पाहिलं ते ठरे. शितावरून भाताची परीक्षा. पद्धत संख्याशास्त्राला धरून आहे, तिला नावं ठेवण्यात अर्थ नाही. पण त्याचा दुसरा अर्थ असा की, ज्याच्या घरी नील्सनचं यंत्र नाही त्याने मालिका पाहिली काय, न पाहिली काय, वाहिनीच्या लेखी फरक शून्य. दाणे पाठवणाऱ्यांपैकी बहुतेक सगळे या शून्यातलेच असणार. शिवाय ‘जेरिको’चे बरेच प्रेक्षक मालिका रेकॉर्ड करून किंवा दुसऱ्या दिवशी इंटरनेटवर पाहत. जाहिरातदाराला तेव्हा हवा असे तो ठरल्या वेळी टीव्हीसमोर बसलेला, अठरा ते एकोणपन्नास वयाचा माणूस. तीन दिवसांतलं रेकॉर्ड केलेलं पाहणं जाहिरातींच्या हिशेबात धरायला सुरुवात झाली ती त्याच वर्षीच्या शरद ऋतूपासून. ‘जेरिको’ला थोडा उशीरच झाला.

टीव्ही मालिकेच्या चाहत्यांचे हे कट्टे म्हणजे रिकामटेकड्यांचं कौतुकमंडळ, असा आपल्याकडे आणि तिकडेही एक समज आहे. मला ते वेगळेच दिसतात. ज्यांना कोणी मोजत नाही त्यांनी स्वतःची हजेरी लावण्याची ती जागा आहे. आणि गेल्या साठ वर्षांत त्या जागेने धंद्याचं गणित मोठ्या चिकाटीने शिकून घेतलं आहे.

पहिला धडा इंटरनेटच्याही आधीचा. ‘स्टार ट्रेक’ ८ सप्टेंबर १९६६ रोजी एनबीसीवर सुरू झाली आणि दुसऱ्याच सीझनमध्ये तिचं मरण जवळ आलं. बीजो ट्रिंबल आणि जॉन ट्रिंबल या कॅलिफोर्नियातल्या जोडप्याने पत्रमोहीम उभी केली. बीजोबाईंच्या सूचना वाचल्या की कोणा मुरलेल्या कामगार पुढाऱ्याची आठवण व्हावी. छापील मजकूर नको, प्रत्येकाने आपल्या शब्दांत लिहावं. भाषा सभ्य ठेवावी. मोहिमेचा उल्लेखही करू नये. दहा जणांना लिहायला सांगावं आणि त्या प्रत्येकाला आणखी दहा जण शोधायला सांगावेत. मालिकेचे कर्ते जीन रॉडेनबरी यांची आतून फूस होतीच. एनबीसीकडे लाखाहून अधिक पत्रं आली. शेवटी १ मार्च १९६८ रोजी भाग संपल्यावर वाहिनीने पडद्यावरूनच जाहीर केलं की मालिका चालू राहणार आहे. त्यावर आभाराच्या पत्रांचा दुसरा लोंढा आला.

पुढचं फारसं सांगितलं जात नाही. तिसऱ्या सीझनला शुक्रवारी रात्री दहाची वेळ मिळाली. मालिकेचा तरुण प्रेक्षक तेव्हा घराबाहेर असायचा. खर्चाला कात्री लागली आणि १९६९मध्ये मालिका संपलीच. ‘जेरिको’चंही तेच झालं. सात भाग १२ फेब्रुवारी २००८पासून दाखवले गेले, प्रेक्षक वाढले नाहीत, २५ मार्चला खेळ आटोपला. निर्मात्यांनी दोन शेवट चित्रित करून ठेवले होते, एक मालिका चालू राहिली तर आणि एक न राहिली तर. लागला तो दुसरा. आरडाओरडा करणारे थोडेच असतात, या वाहिन्यांच्या जुन्या शंकेला दोन्ही वेळा पुरावा मिळाला, हे चाहत्यांच्या बाजूच्या माणसानेही मान्य करायला हवं. फक्त ‘स्टार ट्रेक’च्या त्या पडेल तिसऱ्या सीझनमुळे एकूण भाग ७९ झाले आणि गावोगावच्या स्थानिक केंद्रांना रोज एक भाग दाखवण्याइतका साठा मिळाला. ‘स्टार ट्रेक’चं खरं वेड पसरलं ते या सत्तरीतल्या पुनःप्रक्षेपणांतून. पत्रं लिहिणाऱ्यांच्या डोक्यात हे गणित नसावं.

एरवी कट्ट्यावर मोहिमा क्वचितच असतात. रोजचं काम तपासाचं असतं. १९९०मध्ये ‘ट्विन पीक्स’ लागली तेव्हा विद्यापीठांच्या संगणकांवरून चालणाऱ्या यूजनेटवर लोक लॉरा पामरचा खुनी शोधत होते. व्हीसीआरवर एकेक चौकट थांबवून पाहायची, दिसलं ते नोंदवायचं, उलटतपासणीला तयार राहायचं. शेवट फोडणाऱ्याने आधी इशारा द्यावा, हा शिष्टाचार अशाच गटांत मुरला. कधी लेखकच गर्दीत येऊन बसे. ‘बॅबिलॉन ५’चे कर्ते जे. मायकल स्ट्रॅझिन्स्की चाहत्यांच्या प्रश्नांना स्वतः उत्तरं देत. एकदा एका चाहत्याने सहज एक कल्पना लिहिली आणि ती त्यांच्या आगामी भागाच्या कथेशी जुळली. उद्या चोरीचा दावा लागायचा या भीतीने त्यांनी तो भाग बाजूला ठेवला. चाहत्याने हक्क सोडल्याचं रीतसर लिहून दिलं, तेव्हा कुठे १९९५च्या अखेरीस तो पडद्यावर आला. लेखक जिथे वाचायला येतो तिथे कथा सुचवायच्या नाहीत, या नियमामागे असा रोकडा व्यवहार आहे.

आता पुन्हा गणिताकडे. २००९मध्ये एनबीसीवरची ‘चक’ ही मालिका डळमळीत होती. तिच्या चाहत्यांनी वाहिनीच्या दारात काही पाठवलं नाही. मालिकेत सबवे या दुकानसाखळीच्या सँडविचची जाहिरात गोष्टीतच घुसवलेली असे. २७ एप्रिलला सीझनचा शेवटचा भाग होता, त्या दिवशी सगळ्यांनी सबवेत जाऊन फूटभर लांबीचं सँडविच घ्यायचं आणि अभिप्रायाच्या पेटीत लिहायचं की हे ‘चक’साठी. नायकाचं काम करणारा झॅकरी लेव्हाय तर इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅममध्ये शेकडो चाहते मागे घेऊन दुकानात शिरला. मालिका वाचली, सबवे प्रायोजक म्हणून आणखी ठळक झालं आणि पाच सीझन पूर्ण झाले. दाण्यांनी वाहिनीची कचेरी भरली होती, सँडविचने जाहिरातदाराचा गल्ला. फरक तिथे होता.

याच्या पुढची पायरी म्हणजे मधले सगळेच दूर करणं. ‘व्हेरोनिका मार्स’ ही मालिका २००७मध्येच बंद झाली होती. चाहत्यांनी मार्स चॉकलेटं पाठवून पाहिली, वाहिनी बधली नाही. १३ मार्च २०१३ला कर्ते रॉब थॉमस यांनी किकस्टार्टर या वर्गणी गोळा करणाऱ्या संकेतस्थळावर वीस लाख डॉलर मागितले. ते अकरा तासांच्या आत जमले, आणि महिनाभरात ९१,५८५ जणांनी मिळून सत्तावन्न लाख डॉलर दिले. वर्षभराने चित्रपट आला. स्टुडिओ बडा असताना वर्गणी चाहत्यांनी का काढावी, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला आणि तो रास्तच आहे. गणेशोत्सवाची वर्गणी देणाऱ्याला निदान प्रसाद तरी मिळतो; इथे टी-शर्ट मिळाला, नफ्यातला वाटा नाही.

मे २०१८मध्ये सायफाय वाहिनीने ‘द एक्स्पान्स’ सोडली. मालिकेत संयुक्त राष्ट्रांची सूत्रं क्रिसजेन अवसराला या भारतीय वंशाच्या करारी बाईच्या हाती आहेत, म्हणून आपल्याकडच्यांनाही ती जवळची. वाहिनीकडे हक्क होते ते ठरल्या वेळच्या पहिल्या प्रक्षेपणापुरते, त्यामुळे नंतर पाहणाऱ्यांचा तिला काडीचा उपयोग नव्हता. चाहत्यांनी वर्गणी काढून विमान भाड्याने घेतलं आणि मालिका वाचवा असा फलक मागे लावून ते सँटा मोनिकातल्या अ‍ॅमेझॉन स्टुडिओवर फिरवलं. २५ मे रोजी लॉस एंजेलिसमधल्या अंतराळविषयक परिषदेत अ‍ॅमेझॉनचे जेफ बेझोस यांनी मालिका घेतल्याचं जाहीर केलं. बेझोस मूळ कादंबऱ्यांचे चाहते आहेत. तेव्हा काम विमानाने केलं की मालकाच्या आवडीने, यावर पैज लावायला मी तयार नाही.

अमेरिकेतल्या मराठी माणसांचाही असा एक कट्टा आहे, फक्त त्याची तऱ्हा उलटी. अजय गल्लेवाले यांनी अमेरिकेतून १९९६च्या गणेश चतुर्थीला सुरू केलेल्या मायबोली या संकेतस्थळावर मराठी मालिकांचे बाफ, म्हणजे चर्चेचे फलक, वर्षानुवर्षं धावताहेत. तिथे मालिका वाचवायची नसते, तिची पिसं काढायची असतात. ‘होणार सून मी ह्या घरची’मधली जान्हवी महिनोन्‌महिने गरोदर राहिली, तेव्हा तिच्या दिवसांचा हिशेब लेखकांपेक्षा या मंडळींनी चोख ठेवला असेल. पुण्यात रात्री आठला लागणारा भाग न्यू जर्सीच्या घड्याळात सकाळचे साडेनऊ-साडेदहा दाखवतो. ऑफिसात असलेल्या बाईला भाग दिसायच्या आधी बाफ वाचायला मिळतो आणि पुष्कळदा तेवढ्यावरच भागतं. कुणी रोमात राहून, म्हणजे काही न लिहिता, नुसतं वाचतं, कुणी सुनेच्या साडीपासून सासूच्या भुवईपर्यंत सगळ्याचा पंचनामा करतं.

या मंडळींना तर कोणी कधीच मोजलं नाही. भारतातला टीआरपी बार्क ही प्रेक्षक मोजणारी संस्था ठरवते आणि तिची यंत्रं भारतातल्या घरांत आहेत. न्यू जर्सीतल्या एडिसनमधल्या घराने मालिका डोक्यावर घेतली काय किंवा लाथाडली काय, मुंबईत कोणाच्या खिजगणतीत नव्हतं. टीका करायला यामुळे एक मोकळेपणा होता.

तो आता राहिलेला नाही. झी५ हे अ‍ॅप जून २०२१मध्ये अमेरिकेत आलं आणि अशा अ‍ॅपला नमुन्याची गरज नसते. कोणी कुठला भाग सुरू केला, कुठे थांबवला, कुठे पुढे ढकलला, सगळं आपोआप लिहिलं जातं. नेटफ्लिक्सचे अमेरिकी चाहते हे ओळखून एकमेकांना बजावतात की भाग अर्धवट सोडू नका, पहिल्याच आठवड्यात सगळा सीझन संपवा. मराठी बाफावर अजून असं कोणी कोणाला बजावत नाही. पण आजच्या भागात काय अचरटपणा झाला ते नीट लिहायचं म्हणून तो भाग पहिल्यापासून शेवटपर्यंत, मधली दोन दृश्यं मागे नेऊन पुन्हा, पाहिला जातो. अ‍ॅपच्या वहीत त्याची नोंद मनापासून पाहणाऱ्या प्रेक्षकाच्याच रकान्यात होते. पिसं काढणाऱ्यांसाठी तिथे वेगळा रकाना नाही, आणि मालिका लांबवायची की नाही हे ठरवणारा ती वही उघडूनच बसतो.