बिनपगारी निवेदकाची सत्तर वर्षं

गायक गेला की त्याचीच गाणी गाऊन त्याला निरोप देता येतो. अमेरिकन लोकगायक वुडी गथ्री ऑक्टोबर १९६७ मध्ये वारला आणि पुढच्याच जानेवारीत न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये पीट सीगर, जूडी कॉलिन्स, ओडेटा, बॉब डिलन या मंडळींनी त्याची गाणी गायली. पण ज्याची हयात दुसऱ्यांना गायला लावण्यात गेली, त्या रेडिओ निवेदकाच्या स्मृतिमैफलीत गायचं तरी काय? ऑस्कर ब्रँडसारख्या माणसाची मोठी अडचणच आहे.

तसा ब्रँड स्वतःही गायचा. गिटार घेऊन त्यानं शंभराच्या आसपास ध्वनिमुद्रिका केल्या. सैनिकांची, खलाशांची चावट गाणी हा त्याच्या खास आवडीचा प्रांत. त्यातल्याच एका गाण्याला त्यानं सोवळं नेसवलं आणि १९५२ साली डोरिस डेनं ते घरोघरी पोचवलं. तरी त्याची खरी कामगिरी म्हणजे ‘फोकसाँग फेस्टिव्हल’ हा लोकगीतांचा रेडिओ कार्यक्रम.

ब्रँडचा जन्म १९२० चा, कॅनडात विनिपेगजवळचा. वाढला अमेरिकेत, ब्रुकलिन कॉलेजात मानसशास्त्र शिकला, महायुद्धात लष्करात होता. युद्ध संपलं आणि डिसेंबर १९४५ मध्ये ‘डब्ल्यूएनवायसी’ या न्यूयॉर्क शहराच्या स्वतःच्या नभोवाणी केंद्रावर त्याचा हा कार्यक्रम सुरू झाला. करार नव्हता, पगारही नव्हता. पुढची सत्तर वर्षं हे असंच चाललं.

फुकट राबण्याचं कौतुक मला एरवी नाही. कलावंताचे पैसे बुडवणाऱ्यांना तेवढीच सबब मिळते. पण इथे मामला निराळा होता. पगार घेतला नाही की काय वाजवायचं हे कुणी सांगायला येत नाही, असा ब्रँडचा रोकडा हिशेब होता आणि १९५० मध्ये तो कसाला लागला. त्या वर्षी जूनमध्ये ‘रेड चॅनेल्स’ नावाची पुस्तिका निघाली. रेडिओ आणि दूरचित्रवाणीवरच्या १५१ जणांवर तिनं कम्युनिस्टांचे हस्तक किंवा सहानुभूतीदार असा शिक्का मारला. यादीत नाव आलं की कामं बंद. त्यात सीगर होता, जोश व्हाइट होता आणि स्टालिनवाद्यांशी कधीच न पटलेला ब्रँडही होता! बाकीच्या केंद्रांनी दारं लावून घेतली तेव्हाही ब्रँडनं अशा गायकांना बोलावणं थांबवलं नाही. त्याची नोकरी जाण्याचा प्रश्नच नव्हता. नोकरी मुळात नव्हतीच.

कार्यक्रमाची तऱ्हा गप्पांच्या फडासारखी. गाणं, त्याची जन्मकथा, थट्टामस्करी, पुन्हा गाणं. लेड बेली, गथ्री, जीन रिची असे लोकगायक येऊन गेले. २९ ऑक्टोबर १९६१ ला विशीतला डिलन आला. कार्नेगीच्या छोट्या सभागृहातला त्याचा कार्यक्रम सहा दिवसांवर होता. आपण न्यू मेक्सिकोतल्या गॅलपला वाढलो, तिथे काउबॉयची आणि जत्रेतली गाणी कानावर पडायची, असं त्यानं बिनदिक्कत सांगितलं. वाढला होता तो मिनेसोटातल्या हिबिंगला! ब्रँडनं उलटतपासणी न करता त्याला गाऊ दिलं. निवेदकाचं कसब मी यालाच म्हणेन. पत्रकारानं मात्र हे करू नये.

१९९५ मध्ये त्याला प्रसारणक्षेत्रातला मानाचा पीबडी पुरस्कार मिळाला. एकाच निवेदकानं सर्वाधिक काळ चालवलेला रेडिओ कार्यक्रम म्हणून गिनीजनंही नोंद घेतली. शेवटचा भाग २४ सप्टेंबर २०१६ ला प्रसारित झाला. सहा दिवसांनी, ३० तारखेला, वयाच्या ९६ व्या वर्षी ब्रँड गेला.

त्याची स्मृतिमैफल भरवायची, तर माझ्या मते मंचावर नामवंत नकोतच. ज्यांना अजून कुणी ऐकलेलं नाही अशांना बसवावं. ते जमेल तेव्हा जमेल. ‘डब्ल्यूएनवायसी’च्या संग्रहातली जुनी ध्वनिमुद्रणं इंटरनेटवर ऐकता येतात. डिलनच्या भागापासून सुरुवात करा.