कावेरीचे पाणी आणि दरबाराचा जमाखर्च

म्हैसूर जिल्ह्यातील टी. नरसीपूर येथे काबिनी कावेरीला मिळते. गुप्त स्फटिक सरोवराची जोड देऊन भाविक या संगमाला त्रिवेणी मानतात आणि स्नानाचे पुण्य घेऊन परततात; परंतु हेच एकवटलेले पाणी पुढे तळकाडच्या वाळूला वळसा घालून शिवनसमुद्राच्या कड्यावर पोचते, आणि तेथे म्हैसूर संस्थानाने, नदीचा थेंबही न विकता, केवळ तिच्या पडण्याचे मोल वसूल करून दाखविले.

दिवाण के. शेषाद्री अय्यर यांच्या कारकीर्दीत जोली द लोत्बिनियर या लष्करी अभियंत्याच्या योजनेला दरबाराची मंजुरी मिळाली. धबधब्याची उंची सुमारे 100 मीटर. एक घनमीटर पाणी इतके खाली उतरले, तरी यंत्रांतील तूट वगळूनही जेमतेम पाव युनिटाहून किंचित अधिक वीज पदरात पडते. म्हणून प्रपात कितीही भव्य असला, तरी प्रवाह अखंड आणि विपुल असल्याखेरीज हा धंदा उभा राहत नाही. शिवाय गिऱ्हाईक जवळ नव्हते. कोलारच्या सोन्याच्या खाणी सुमारे 147 किलोमीटर दूर होत्या. तारेतील तूट विद्युत्प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. दाब दुप्पट केला की तितक्याच शक्तीसाठी प्रवाह निम्मा पुरतो आणि तूट चतुर्थांशावर येते. याच न्यायाने तीस हजारांहून अधिक व्होल्टच्या दाबाने वीज धाडण्याचे, त्या काळी धाडसाचे वाटणारे, काम हाती घेण्यात आले, आणि 30 जून 1902 रोजी ती खाणींत पोचली. शेषाद्री अय्यर आदल्याच वर्षी निवर्तले होते.

मला मात्र या तारांपेक्षा त्यामागील करारनामा अधिक कुतूहलाचा वाटतो. लाकूड आणि दगडी कोळसा जाळून यंत्रे चालविणाऱ्या खाणवाल्यांकडून मुदतबंद खरेदीची हमी आधी घेतल्यामुळे खजिन्यातील पैसा अंदाजपंचे खर्ची पडला नाही. बंगळूर शहरात दिवे लागले ते त्यानंतर, 1905 साली. प्रथम खात्रीचा ग्राहक, मग रयतेची सोय, हा क्रम रुक्ष वाटेल, पण सरकारी कारभारात असा क्रम पाळलेला विरळाच आढळतो.

उन्हाळ्याची अडचण मात्र करारनाम्याने मिटणारी नव्हती. नदी आटली की चाके मंदावत. कावेरीवरील कृष्णराजसागर धरणाचे काम 1911 साली सुरू झाले ते शेतीइतकेच या वीजघराला बारमाही पाणी मिळावे म्हणूनही. त्या कामामागील अभियंते विश्वेश्वरय्या पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेले. इकडे सह्याद्रीत टाटांनी तोच हिशेब मांडला: लोणावळ्याच्या परिसरात चार महिन्यांचा पाऊस तलावांत अडविला आणि 1915 साली खोपोलीतून मुंबईच्या गिरण्यांना वीज पुरविली.

भूतानसारख्या चिमुकल्या देशाने हीच वाट धरली. गेल्या शतकाच्या नवव्या दशकात चालू झालेल्या 336 मेगावॉटच्या चुखा प्रकल्पाला भांडवल भारताने दिले आणि उरलेल्या विजेचा ग्राहकही भारतच झाला. त्या विक्रीवर भूतानच्या तिजोरीचा मोठा भार आजही उभा आहे. हिवाळ्यात मात्र तेथील नद्या रोडावतात, आणि वीज विकणाऱ्या या देशाला त्या महिन्यांत भारताकडूनच वीज विकत घ्यावी लागते.