एका सिस्टरकडे किती खाटा?

1980च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या रुग्णालयांना परिचारिका मिळत नव्हत्या. आलेल्याही टिकत नव्हत्या. तरी काही रुग्णालयांमध्ये त्या वर्षानुवर्षे राहत होत्या. कारण शोधायला अमेरिकन अकॅडमी ऑफ नर्सिंगने 163 रुग्णालये तपासली आणि 1983 साली त्यांपैकी 41 'मॅग्नेट', म्हणजे लोहचुंबक ठरवली. तिथे परिचारिकेच्या शब्दाला वजन होते, डॉक्टरांशी मोकळेपणाने बोलता येत होते आणि ड्यूटीवर पुरेशी माणसे असत. उत्तर हाती आले होते ते तेव्हाच.

'बर्नआउट' हा शब्द त्याआधीचा. हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर यांनी 1974 मध्ये तो मांडला. क्रिस्टिना मॅस्लाक आणि सुझन जॅक्सन यांनी 1981 मध्ये त्याची मोजपट्टी तयार केली: भावनिक थकवा, माणसांबद्दल येणारा कोरडेपणा, आणि आपल्या हातून काही चांगले होत नाही ही भावना. या तिन्ही गोष्टी माणसाच्या मनात घडतात, म्हणून दोषही त्याच्याच मनाला चिकटला. तिथेच घोळ झाला.

आयसीयूतली बारा तासांची रात्र डोळ्यांसमोर आणा. व्हेंटिलेटर, चार-पाच औषधांचे पंप, सतत वाजणारे अलार्म. नळीतला कफ काढायचा, दर दोन तासांनी कूस बदलायची, तासातासाची लघवी मोजून लिहायची. एक रुग्ण सावरत असताना शेजारच्याचा रक्तदाब कोसळतो. योग्य काय ते सिस्टरला ठाऊक असते, पण तिला दोनच हात असतात. अँड्र्यू जेमटन यांनी 1984 मध्ये या घुसमटीला नाव दिले: नैतिक क्लेश. योग्य ते कळते, पण व्यवस्था ते करू देत नाही.

आकडे आले 2002 मध्ये. लिंडा एकन आणि सहकाऱ्यांनी पेन्सिल्व्हेनियातली 168 रुग्णालये आणि दहा हजारांवर परिचारिका यांचा अभ्यास केला. तो शस्त्रक्रियेच्या रुग्णांविषयी होता, निव्वळ आयसीयूचा नव्हे. पण त्यातला हिशेब कुठल्याही वॉर्डाला विचारात पाडेल असा होता. परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला की बर्नआउटची शक्यता 23 टक्क्यांनी आणि रुग्ण तीस दिवसांत दगावण्याची शक्यता 7 टक्क्यांनी वाढत होती. थकलेल्या आणि असमाधानी परिचारिकांपैकी 43 टक्के वर्षभरात नोकरी सोडण्याच्या विचारात होत्या. न थकलेल्या, समाधानी परिचारिकांत हे प्रमाण 11 टक्के होते.

त्यानंतर 2005 मध्ये अतिदक्षता परिचारिकांच्या अमेरिकी संघटनेने निरोगी कामाच्या जागेचे सहा निकष जाहीर केले. पुरेसे मनुष्यबळ हा त्यांतला एक.

कायदे मात्र रेंगाळले. कॅलिफोर्नियाने 1999 मध्ये परिचारिकेमागे किती रुग्ण, हे प्रमाण ठरवणारा कायदा केला. तो 2004 पासून लागू झाला. आयसीयूत एका परिचारिकेकडे जास्तीत जास्त दोन रुग्ण. मॅसॅच्युसेट्सने 2014 मध्ये आयसीयूपुरता तसा कायदा केला, पण 2018 मध्ये तो सर्व वॉर्डांना लावण्याचा प्रस्ताव मतदारांनीच फेटाळला.

मग कोविड आला. श्वास अडलेल्या रुग्णाला पालथे करायलाच पाच-सहा माणसे लागत. डिसेंबर 2020 मध्ये कॅलिफोर्नियानेही रुग्णालयांना सवलत दिली आणि आयसीयूत दोनाचे तीन रुग्ण झाले. त्या काळात परिचारिकांसाठी टाळ्या वाजल्या, ते योग्यच होते. पण टाळ्यांनी ड्यूटीवरची माणसे वाढत नाहीत.

त्यामुळे पुढचा लढा पगारापेक्षा परिचारिकेमागच्या खाटांच्या संख्येवर झाला. मार्च 2021 मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टर शहरातल्या एका रुग्णालयात सुरू झालेला संप 301 दिवस चालला. जानेवारी 2023 मध्ये न्यूयॉर्कच्या दोन मोठ्या रुग्णालयांत सुमारे सात हजार परिचारिका तीन दिवस बाहेर होत्या. पुरेशा मनुष्यबळाची लेखी हमी आणि ती पाळली जाईल अशी तरतूद करारात आल्यावरच त्या कामावर परतल्या.

आपले माणूस आयसीयूत असेल तेव्हा डॉक्टरांना औषधांविषयी विचाराच. त्याबरोबर एवढेही विचारा: आज रात्री इथे एका सिस्टरकडे किती पेशंट आहेत?