आल्प्समध्ये कोणता पास?

मुलं बरोबर असतील तर आधी मोफत ‘स्विस फॅमिली कार्ड’ मागून घ्या. आई किंवा वडील पासवर प्रवास करत असतील, तर ६ ते १५ वर्षांच्या मुलांना तिकीट लागत नाही. रोज गाव बदलणार असाल तर स्विस ट्रॅव्हल पासच घ्या. रेल्वे, बस, तलावातल्या बोटी, अगदी रिगीचा डोंगरही त्यात येतो. युंगफ्राउयोखच्या (३,४५४ मीटर) शेवटच्या टप्प्याला मात्र त्यावर फक्त २५ टक्के सवलत. एकाच गावी मुक्काम आणि एक-दोन शिखरं एवढाच बेत असेल, तर महिनाभर चालणारं हाफ फेअर कार्ड बरं. त्यावर युंगफ्राउयोखलाही निम्मं भाडं पडतं. ग्लेशियर एक्सप्रेससाठी पास असला तरी आसन आरक्षण सक्तीचं आहे आणि त्याचे पैसे वेगळे.