क्रोसाँ आणि आपली खारी: पैसे नेमके कशाचे जातात?

अंबडहून एका श्रोत्याचा मेसेज आला होता: "दादा, त्या फ्रेंच बेकरीत एका क्रोसाँचे दीडशे रुपये घेतात. एवढ्यात आमच्याकडे एमआयडीसीत आठवडाभर चहाबरोबर खारी खाऊन होते. मग फरक काय?" प्रश्न रास्त आहे. म्हणून मी सिडकोतून खारी घेतली, कॉलेज रोडवरच्या एका फ्रेंच धाटणीच्या बेकरीतून क्रोसाँ, एक्लेर आणि सँडविच आणलं, आणि सगळं एकाच टेबलावर मांडलं.

उच्चार क्रोसाँ, शेवटचा 'ट' गिळायचा. पण काउंटरवर 'क्रोइसंट' म्हणालात तरी मिळतो, लाजायचं काही नाही.

तर खारी आणि क्रोसाँ हे चुलतभाऊ आहेत. दोन्हीची युक्ती एकच. मैद्याच्या पिठाची पोळी लाटायची, त्यात स्निग्ध पदार्थाचा थर गुंडाळायचा, घडी घालायची, परत लाटायचं. तीन-तीन पदरी घडी तीनदा घातली की बटरचे २७ थर होतात. भट्टीत गेल्यावर पाण्याची वाफ होते, ती बाहेर पडायला धडपडते आणि पापुद्रे उचलले जातात. फरक इथून पुढे. क्रोसाँच्या पिठात यीस्ट असतं, थोडं दूध-साखर असते, त्यामुळे तो आतून मऊ राहतो. मधोमध कापला तर मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी दिसायला हवी. खारीत साधारणपणे यीस्ट नसतं, आणि ती आतपर्यंत कोरडी होईस्तोवर भाजतात. म्हणूनच ती डब्यात कितीतरी दिवस टिकते आणि चहात बुडवली की विरघळते. क्रोसाँ चहात बुडवून पाहिला मी. नका करू.

आता पैशांचं. बटर साधारण ३२ ते ३५ अंशांना वितळतं. नाशकात एप्रिल-मे महिन्यात पारा ४० च्या आसपास जातो, म्हणजे लाटता लाटता बटर पिठात मुरणार आणि थरच उरणार नाहीत. त्यामुळे थंड खोली लागते, प्रत्येक घडीनंतर पीठ फ्रिजमध्ये विसावायला ठेवावं लागतं, आणि पुष्कळ ठिकाणी हे काम आदल्या दिवशीच सुरू होतं. आपले खारीवाले वनस्पती किंवा मार्गरीन वापरतात, ते जास्त तापमानाला वितळतं, उन्हाळ्यातही ऐकतं. म्हणजे दीडशे रुपयांत बटर आहे, एसीचं बिल आहे आणि कोणाच्यातरी हातांचे बरेच तास आहेत. जागेचं भाडं आणि पिवळे दिवेही आहेत, ते नाकारत नाही!

पण गंमत अशी की मार्गरीनचा क्रोसाँही दिसायला तसाच दिसतो आणि कधीकधी भावही तोच असतो. तर ओळखायचं कसं? खाल्ल्यावर टाळूला मेणचट थर चिकटून राहिला, तर बटर नसण्याची शक्यता जास्त. बटर तोंडातल्या उबेनेच वितळून जातं. त्याहून सोपं म्हणजे सरळ विचारा, "पूर्ण बटरचा आहे का?" एवढे पैसे देताना हा आपला हक्कच आहे. तब्येतीचं म्हणाल, तर तेला-तुपांतल्या ट्रान्स फॅटवर एफएसएसएआयची मर्यादा २०२२ पासून २ टक्के आहे, त्यामुळे आधीच्या डालड्याइतकं घाबरायला नको. आणि बटर म्हणजे औषध नव्हे, त्यात किमान ८० टक्के फॅटच असतं. रोज खायची वस्तू नाही ती.

अजून एक. क्रोसाँ मुळात फ्रेंचही नाही. व्हिएन्नात चंद्रकोरीच्या आकाराचा किप्फर्ल नावाचा पाव असायचा. ऑगस्ट झांग या ऑस्ट्रियन माणसाने १८३० च्या दशकाच्या शेवटी पॅरिसमध्ये व्हिएन्ना पद्धतीची बेकरी काढली आणि तिथून हे वेड पसरलं. पापुद्र्यांचं काम फ्रेंचांनी नंतर केलं. आपला 'पाव' हा शब्द तरी कुठे आपला, तो पोर्तुगीजांकडून आलाय. महाराष्ट्रात ही पातिसरी घरोघरी माहीत झाली त्यात मुंबईच्या थिओब्रोमाचा मोठा वाटा. २००४ मध्ये कुलाब्यात एका दुकानाने सुरुवात झाली.

सँडविचबद्दल माझं मत जरा कडू आहे. बागेतमध्ये पीठ, पाणी, मीठ, यीस्ट एवढंच असतं, फॅट नाही, म्हणून तो सकाळी कुरकुरीत आणि संध्याकाळी दांडकं होतो. मी संध्याकाळी सहाला घेतला, जबडा दुखला. पनीर-पेस्टो छान होतं, पण त्या वेळेला आपलं बटाटा-बीट-हिरव्या चटणीचं सँडविच शंभर टक्के जिंकतं. बागेत खायचा तर दुपारच्या आत.

एक्लेर मात्र घ्याच. त्यात सोडा नाही, बेकिंग पावडर नाही, नुसत्या वाफेने फुगतो. आत क्रीम भरून ठेवलेला असेल तर तासाभरात लिबलिबीत होतो, म्हणून ताजा भरलेला मागा.

आणि उरलेला क्रोसाँ मायक्रोवेव्हमध्ये टाकू नका, रबर होईल. ओव्हन नसेल तर जाड तवा मंद आचेवर, वर झाकण, चार-पाच मिनिटं, मध्ये एकदा उलटा. मग झाकण काढून मिनिटभर तसाच ठेवा, पापुद्रे परत कुरकुरीत होतात.

पुढच्या भागात भेटू. तुमच्या भागात बटरची खारी करणारा कोणी असेल, तर मेसेज नक्की टाका, मी गाडी काढून येतो.